शोधनिबंध सादर करताना: पात्रता, कागदपत्रे आणि मांडणीचे नियम

नियतकालिकाकडे आलेल्या शोधनिबंधाची पहिली छाननी साधारणपणे आशयाची नसते, ती नियमांच्या पूर्ततेची असते. मांडणी ठरवून दिल्याप्रमाणे नसेल किंवा एखादे घोषणापत्र राहिले असेल, तर महिनोन्‌महिने खपून केलेले काम समीक्षकाच्या हाती पडण्याआधीच परत येऊ शकते. म्हणूनच निबंधाला अंतिम रूप देण्यापूर्वी त्या नियतकालिकाच्या ‘लेखकांसाठी सूचना’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्यात. त्या सूचना आणि शैलीचे सर्वसाधारण नियम यांत तफावत आढळल्यास सूचनाच प्रमाण मानाव्यात.

पात्रतेच्या बाबतीत विद्यार्थी असणे सहसा आड येत नाही. खरा प्रश्न असतो तो लेखक म्हणून कोणाचे नाव द्यावे हा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने यासाठी चार अटी घातल्या आहेत: संशोधनाच्या आखणीत अथवा माहितीचे संकलन किंवा विश्लेषण करण्यात भरीव वाटा असणे, मसुदा लिहिणे किंवा त्यात आशयाच्या दृष्टीने महत्त्वाची दुरुस्ती करणे, अंतिम मसुद्याला मान्यता देणे आणि संपूर्ण कामाची जबाबदारी स्वीकारणे. या चारही अटी पूर्ण करणारी व्यक्तीच लेखक ठरते. केवळ निधी मिळवून देणाऱ्या किंवा वरवर देखरेख करणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा. याच समितीच्या नियमांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला लेखक म्हणून दाखवता येत नाही आणि त्याचा वापर झाला असल्यास तसे नमूद करावे लागते. तोच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे पाठवणे हा गंभीर नियमभंग आहे. पहिल्या ठिकाणचा निर्णय येईपर्यंत थांबावे, किंवा तेथून निबंध रीतसर मागे घ्यावा.

कागदपत्रांमध्ये साधारणपणे संपादकांना उद्देशून लिहिलेले पत्र, शीर्षकपृष्ठ, मूळ निबंध, आकृत्यांच्या स्वतंत्र फाइली आणि हितसंबंध व निधी यांविषयीची घोषणापत्रे मागितली जातात. माणसांवर अभ्यास केला असेल, तर नैतिकता समितीच्या मंजुरीचा तपशीलही द्यावा लागतो. अनेक ठिकाणी लेखकाचा ऑर्किड क्रमांक विचारतात. 2012 पासून मिळणारा हा 16 अंकी ओळखक्रमांक विनाशुल्क असून, तो आधीच काढून ठेवलेला बरा. समीक्षा नामरहित पद्धतीने होणार असेल, तर शीर्षकपृष्ठ वेगळे ठेवून मूळ निबंधातून नावे काढावीत. वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव आपोआप नोंदलेले असते, तेही आठवणीने पुसावे.

मांडणीसाठी एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संस्थेच्या लेखनशैलीची सातवी आवृत्ती उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात चारही बाजूंना 2.54 सेंटिमीटर समास, ओळींमध्ये दुप्पट अंतर आणि टाइम्स न्यू रोमन 12 किंवा कॅलिब्री 11 यांसारखा टंक चालतो. सारांश सहसा 250 शब्दांच्या आत ठेवतात. आधीच्या आवृत्तीत आकृतीचे शीर्षक आकृतीखाली येत असे. सातवीत आकृतीचा क्रमांक व शीर्षक तक्त्याप्रमाणेच वर येतात आणि टीप तेवढी खाली राहते. जुन्या निबंधाचा नमुना समोर ठेवून काम करणारे विद्यार्थी नेमके येथेच चुकतात.

सर्वाधिक वेळ मात्र संदर्भांना द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. एपीएमध्ये मजकुरात आडनाव आणि वर्ष येते, एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) शैलीमध्ये आडनाव आणि पृष्ठक्रमांक, तर आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या शैलीमध्ये चौकटी कंसातला क्रमांक, तोही निबंधात संदर्भ ज्या क्रमाने प्रथम येतात त्या क्रमाने. मजकुरात 2018 आणि सूचीत 2019 अशी एक विसंगती जरी राहिली, तरी वाचणाऱ्याला मूळ स्रोत शोधताना अडचण येते आणि बाकीच्या नोंदींबद्दलही शंका वाटू लागते. त्यासाठी छापील प्रत घेऊन मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात शोधून दोन्हीकडे खूण करावी. संदर्भ-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर वापरले तरी हे काम टळत नाही, कारण मुळात चुकीची भरलेली माहिती ते तशीच उतरवते.

एपीए सूचीतल्या नोंदीची पहिली ओळ समासाला लागून आणि पुढच्या ओळी 1.27 सेंटिमीटर आत असाव्या लागतात. हे अंतर स्पेसबार दाबून आणले, तर आपल्या पडद्यावर ते नीट दिसते, पण टंक बदलताच ओळी विस्कटतात आणि मधोमध रिकाम्या जागा पडतात. परिच्छेदाच्या मांडणीत ‘हँगिंग’ हा पर्याय निवडला, की हा प्रश्न उरत नाही. शीर्षकेही नुसती ठळक न करता ‘स्टाइल्स’मधून द्यावीत.

ऑनलाइन प्रणालीत सर्व फाइली चढवल्यावर बहुधा त्यांची एकत्रित पीडीएफ तयार होते आणि लेखकाने ती पाहून मान्य केल्यानंतरच निबंध सादर झाला असे धरले जाते. ही मान्यता घाईने देऊ नये: तक्ते पानाबाहेर गेलेले नाहीत ना, गणिती चिन्हांच्या जागी चौकोन उमटलेले नाहीत ना, हे पानोपान पाहावे, कारण त्यानंतर संपादकांनी निबंध परत पाठवल्याशिवाय त्यात सहसा बदल करता येत नाही.