स्वस्त बंदूक, महाग मनस्ताप: सोलापूरच्या परवानाधारकांच्या तक्रारींमागची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात परवान्याचे शस्त्र बाळगणारा माणूस बहुधा मळ्यात वस्ती करून राहणारा शेतकरी असतो, रोकड हाताळणारा व्यापारी असतो, बँकेच्या दाराशी किंवा रोकड नेणाऱ्या गाडीवर उभा राहणारा माजी सैनिक असतो, नाहीतर आजोबांची दुनळी वारशाने मिळालेला एखाद्या जुन्या घरातला नातू असतो. यांच्यापैकी ज्यांनी नवी देशी बंदूक किंवा रिव्हॉल्वर कमी किमतीत घेतले, त्यांच्या तोंडी येणाऱ्या तक्रारी साधारण एकसारख्या असतात. चाप फार जड लागतो, नळीवरचा काळा मुलामा पहिल्याच पावसाळ्यात उतरून गंज धरतो, उडालेल्या काडतुसाची टरफले चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीतून, सहज निघत नाहीत, घोडा पडतो पण काडतूस उडत नाही. याहून मोठी तक्रार पुढची आहे. विक्रेता कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना पत्राला उत्तर देत नाही, आणि दुरुस्तीसाठी शस्त्र पाठवायचे म्हटले तर आधी परवान्याचा प्रश्न उभा राहतो.

या अनुभवांचा दोष एखाद्या कारखान्याच्या ढिलाईवर टाकून मोकळे होता येईल, आणि ढिलाई असेल तिथे ती दाखवलीही पाहिजे. परंतु शस्त्राचा खरेदीदार इतका हतबल का, या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या आवारात मिळत नाही. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत कायदा, उद्योगधोरण आणि आयातधोरण यांनी मिळून असा बाजार घडवला, की ज्यात खरेदीदाराला वस्तूची तुलना करता येत नाही, ती वापरून पाहता येत नाही, परत करता येत नाही आणि हव्या त्या कारागिराकडून नीट करून घेता येत नाही.

सुरुवात १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून करावी लागते. १८५७ च्या उठावानंतर जनतेला निःशस्त्र करण्याची प्रक्रिया सुरू झाली होती. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतल्या या कायद्याने तिला कायमचे रूप दिले. परवाना ही सरकारची मेहेरबानी ठरली आणि ती युरोपियनांना, संस्थानिकांना, मोठ्या जमीनदारांना आणि सरकारच्या विश्वासातल्या माणसांना लाभली. अशा मोजक्या लोकांच्या हाती इंग्लंड-बेल्जियममध्ये घडवलेल्या बंदुका असत. हा अन्याय राष्ट्रीय चळवळीच्या मनात किती खोल रुतला होता, हे महात्मा गांधींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांवरून कळते. मीठ कर आणि शेतसाऱ्याबरोबरच स्वसंरक्षणासाठी, लोकनियंत्रणाखाली, बंदुकीचे परवाने मिळावेत ही मागणी त्या यादीत होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. पुढे १९४७-४८ मध्ये निजामाच्या हद्दीला लागून असलेल्या या जिल्ह्याच्या सीमेवरील गावांनी रझाकारांची दहशत अनुभवली, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहूनच नळदुर्गच्या रस्त्याने हैदराबादेकडे निघाली. घरात एक परवान्याची बंदूक असावी ही इच्छा या भागात नुसत्या प्रतिष्ठेपोटी टिकून राहिली असे मला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर नवा शस्त्र कायदा १९५९ मध्ये संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सामान्य नागरिकाच्या दृष्टीने त्यातले कलम १३ महत्त्वाचे आहे. वीस इंचांहून कमी नाही अशा नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी हवी असेल, तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल राहील, अशी ती तरतूद आहे. बारा बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचे माप) एकनळी किंवा दुनळी बंदूक खेड्यापाड्यांत पोहोचली ती याच वाटेने. मात्र सैन्य आणि पोलिस वापरत असलेल्या काडतुसांचे बोर नागरिकांसाठी निषिद्ध राहिले. .३०३ ची रायफल, ९ मिलिमीटरचे पिस्तूल, .३८ आणि .४५५ ची रिव्हॉल्वरे सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर गेली, आणि त्याच्यासाठी प्रामुख्याने .३२ चे रिव्हॉल्वर वा पिस्तूल, .३१५ ची रायफल आणि बारा बोरची बंदूक एवढीच निवड उरली. सैन्यासाठी घडणाऱ्या शस्त्रातली सुधारणा आपोआप नागरी शस्त्रात उतरते, तसे इथे सहजी घडले नाही, याचे एक कारण हे वेगळे पडलेले बोर आहेत.

दुसरा बांध उद्योगधोरणाने घातला. १९४८ च्या औद्योगिक धोरण ठरावाने शस्त्रे आणि दारूगोळा यांचे उत्पादन केंद्र सरकारच्या एकाधिकारात ठेवले आणि १९५६ च्या ठरावाने ते ‘अ’ परिशिष्टात पहिल्या रांगेत बसवले. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरचा रायफल कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेला, कानपूरचा लघुशस्त्र कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. दोन्ही मुळात सैन्यासाठी उभे राहिले. नागरिकांसाठी .३१५ ची रायफल आणि वेब्ली या इंग्लिश बनावटीच्या पद्धतीचे, मधोमध उघडणारे .३२ चे रिव्हॉल्वर ही अशा कारखान्यांची जोड-उत्पादने होती. ज्या कारखान्याचा खरा ग्राहक सैन्यदल आहे आणि ज्याच्या नागरी मालाला देशात दुसरा स्पर्धक नाही, त्याला करमाळ्याच्या किंवा बार्शीच्या एकट्या खरेदीदाराच्या पत्राची निकड वाटावी अशी व्यवस्थाच नव्हती.

खासगी क्षेत्राच्या वाट्याला आली ती मुख्यतः बारा बोरची बंदूक, आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र बिहारमधले मुंगेर. अठराव्या शतकात बंगालचा नवाब मीर कासीम याने राजधानी तिथे नेली, शस्त्रांचे कारखाने उभारले, आणि त्या कारागिरीची परंपरा पुढे टिकली. स्वातंत्र्यानंतर तिथल्या छोट्या परवानाधारक कारखान्यांना एका आवारात, ठरवून दिलेल्या वार्षिक कोट्यात बंदुका बनवण्याची मुभा मिळाली. कोटा वाढत नाही, म्हणून नवी यंत्रे घेण्यात अर्थ नाही. विक्री परवान्यांच्या संख्येवर अवलंबून, म्हणून चांगल्या मालाने गिऱ्हाईक वाढण्याची आशा नाही. अशा स्थितीत किंमत खाली ठेवणे हाच टिकण्याचा एक मार्ग उरतो, आणि तो खर्च नळीच्या आतल्या सफाईतून, स्प्रिंगच्या पोलादातून आणि दस्त्याच्या लाकडातून वसूल होतो.

तरीही आयात खुली असती तर देशी मालाला काही धाक राहिला असता. १९८० च्या दशकात नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात बंद झाली. सवलत राहिली ती नामांकित नेमबाजांसारख्या मोजक्या लोकांना. परिणाम दोन झाले. देशात आधीच आलेल्या जुन्या परदेशी पिस्तुलांच्या किमती मूळ मोलाच्या कितीतरी पट चढल्या, आणि मध्यम ऐपतीच्या खरेदीदाराला देशी शस्त्राशिवाय पर्याय उरला नाही. आपल्या हातातले रिव्हॉल्वर चांगले की वाईट हे ठरवायला त्याच्याजवळ दुसरे मापच नव्हते. आजोबांच्या विलायती दुनळीशी तुलना करावी, तर ती शंभर वर्षांपूर्वी हाताने घडवलेली.

आता दुरुस्तीकडे वळू. कापड गिरण्या आणि यंत्रमाग यांच्यामुळे सोलापुरात लेथ चालवणारे, सुटा भाग पाहून तसाच दुसरा बनवून देणारे कुशल फिटर पिढ्यान्पिढ्या तयार झाले. घोड्याची झिजलेली खाच भरणे किंवा कमजोर स्प्रिंग बदलणे त्यांच्या हातचा मळ आहे. पण १९५९ च्या कायद्याचे कलम ५ शस्त्राची निर्मिती, विक्री आणि दुरुस्ती, इतकेच नव्हे तर चाचणीही, परवान्याशिवाय करू देत नाही, आणि त्यामागचे कारण रास्त आहे: आज घोडा नीट करणारे हात उद्या गावठी कट्टा बनवू शकतात. परंतु कायद्याने सामान्य फिटरला दूर ठेवले, आणि अधिकृत दुरुस्तीचे जाळे मात्र कोणी विणले नाही. परवानाधारक शस्त्रविक्रेते आणि दुरुस्ती करणारे मुळात थोडे, त्यात नव्या पिढीने हा धंदा धरलेला नाही. कारखाना हजार किलोमीटरहून दूर. परवान्यावर क्षेत्र जिल्ह्यापुरते किंवा राज्यापुरते लिहिलेले असेल, तर शस्त्र घेऊन परराज्यात जाण्यासाठी शहरात पोलिस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळी परवानगी मागावी लागते. हजार-दोन हजार रुपयांच्या भागासाठी माणूस हा खटाटोप करत नाही; बंदूक कपाटात ठेवतो आणि परवान्याचे नूतनीकरण तेवढे करत राहतो.

दोष उशिरा कळण्याचे कारणही याच व्यवस्थेत आहे. परवान्यावर काडतुसांची मर्यादा छापलेली असते, सर्वसामान्यांना सरावासाठी मैदान उपलब्ध नसते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा मार्ग बंद झाला, तो योग्यच झाला. त्यामुळे बहुतेक बंदुका वर्षानुवर्षे एकही बार न काढता पडून असतात. निवडणुकीच्या काळात, कोणाचे शस्त्र जमा करायचे हे ठरवणाऱ्या छाननी समितीच्या निर्णयानुसार अनेक शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा होतात. तिथे तेलपाणी कोण करणार? शस्त्र गंजून परत आले, तर गंज मुलाम्याच्या दोषाने लागला की ठेवणीने, हे सांगता येत नाही. बार न उडण्याचेही तसेच. बारा बोरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी कारखान्यातून येतात, बंदूक दुसरीकडून. जुन्या कागदी टरफलांची काडतुसे दमट हवेत फुगत आणि चेंबरात अडकत. प्लास्टिकच्या टरफलांनी ते थांबले, पण जुन्या साठ्यातली दारू किंवा ती पेटवणारी टोपी निकामी झालेली असू शकते. बंदूक बनवणारा काडतुसाला दोष देतो, काडतूस विकणारा बंदुकीला, आणि निवाडा करणारा तिसरा कोणी नसतो.

असा तिसरा पक्ष इतर देशांत आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. तिथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस उडवून, ती टिकली तरच तिच्यावर ठसा उमटवतात. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या सी.आय.पी. या बंदुकांच्या चाचणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे सदस्य देश एकमेकांचे ठसे मान्य करतात. भारत त्याचा सदस्य नाही. चेंबरची लांबी, नळीचा दाब सहन करण्याचा अंक, या गोष्टी ठशावरून वाचता येतात, आणि आखूड चेंबरात लांब काडतूस घातल्यास दाब धोक्याच्या पातळीवर जातो, हे जुनी विलायती बंदूक बाळगणाऱ्याने तर जाणलेच पाहिजे. आपल्याकडे रिव्हॉल्वर-रायफलींपुरते तरी बनवणाराही सरकार, तपासणाराही सरकार आणि परवाना देणाराही सरकार, असे चित्र दीर्घकाळ राहिले.

२००१ मध्ये संरक्षण उत्पादन खासगी क्षेत्राला खुले झाले, तरी नागरी शस्त्रात बदल सावकाश आला. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे .३२ चे रिव्हॉल्वर महिलांसाठी म्हणून बाजारात आले, त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. स्वस्त देशी शस्त्र म्हणायचे ते याच पंक्तीतले, हे ध्यानात घेतले की खरेदीदाराचा संताप कळतो. वर्षभराची बचत घातलेल्या वस्तूचा चाप खरखरीत निघाला तर ती स्वस्त वाटत नाही. २०१७ पासून रिव्हॉल्वर-पिस्तुलांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. २०१६ च्या शस्त्र नियमांनी निर्मिती आणि परवान्याची पद्धत नव्याने बांधली. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेव्हा अनेक घरांना जुनी दुनळी काढून टाकावी लागली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारी शस्त्रकारखाने चालवणारे आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. लघुशस्त्रे कानपूरच्या कंपनीकडे गेली आणि तिने २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे नवे रिव्हॉल्वर आणले. त्याआधीच वेब्ली अँड स्कॉट या जुन्या इंग्लिश नावाने उत्तर प्रदेशात खासगी उत्पादन सुरू झाले होते. .३२ च्या खरेदीदाराला दोन दुकानांचे माल शेजारी ठेवून पाहण्याची संधी पिढ्यान्पिढ्यांनंतर मिळाली, ती अशी.

ग्राहक कायद्याची मदत १९८६ पासून होती, पण तक्रार विरुद्ध पक्षाच्या ठिकाणी किंवा व्यवहाराचे कारण घडले त्या ठिकाणी करावी लागे. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क दिला, सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादकाचे दायित्वही वेगळे सांगितले. पंढरपूरच्या खरेदीदाराला आता कानपूर गाठण्याची गरज नाही, सोलापूरचा आयोग पुरे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि ज्याने दोन वर्षांत एकही बार काढला नाही त्याचा दोष तोवर उघडच झालेला नसतो. म्हणून शस्त्र ताब्यात घेतानाच चेंबरची लांबी, अनुक्रमांक आणि चाचणीचा ठसा पाहून पावतीवर नोंदवून घ्यावा, हमीच्या अटी लेखी मागाव्यात, आणि परवान्यातल्या काडतुसांपैकी काही पहिल्याच महिन्यांत, विक्रेत्याकडे किंवा रायफल क्लबच्या मैदानावर रीतसर परवानगीने, खर्च करावीत. दोष निघालाच, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. बंदुकीच्या बाबतीत ती तपासणी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अस्त्र विभागाकडेच जाऊ शकते, आणि तो विभाग मुळात खून-दरोड्याच्या तपासासाठी उभा आहे. ग्राहकाच्या सदोष बंदुकीसाठी वेगळी, ठरावीक मुदतीत अहवाल देणारी चाचणीची सोय राज्यात उभी राहिली, तर २०१९ च्या कायद्याने दिलेला हक्क बंदूक घेणाऱ्यालाही वापरता येईल.