तिसरा किलोवॅट कुणासाठी?

गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला की लगेच विचारलं जातं, "खर्च किती येतो?" आणि त्याच्या मागोमाग, "सबसिडी किती मिळते?" हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी गेल्या बारा महिन्यांची लाईटबिलं काढा आणि प्रत्येक महिन्याचा आकडा कागदावर उतरवून घ्या. रुपयांचा नव्हे, युनिटचा. जुनी बिलं सापडत नसतील तरी अडत नाही, मागच्या महिन्यांचा वापर महावितरणच्या चालू बिलावरच छापलेला असतो.

युनिटच का, तर महावितरणचा घरगुती दर सरळ रेषेत चढत नाही, पायऱ्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटांना वहन आकार (वीज तारेतून घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून युनिटमागं साधारण सहा रुपये पडतात. १०१ वं युनिट मोजलं की त्याचा दर एकदम अकरा-बारा रुपयांवर जातो आणि ३०० पर्यंत तिथंच राहतो. त्यापुढची पायरी आणखी महाग. सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, शिवाय वापर कितीही असला तरी दरमहा लागणारा स्थिर आकार वेगळा. दर दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, पायऱ्यांची उंची मात्र फारशी बदलत नाही. सोलरचा फायदा ठरतो तो या पायऱ्यांमुळे. पॅनेलनं तयार केलेलं युनिट तुमच्या बिलातलं सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात महाग युनिट आधी खोडतं.

आता आकडेमोड. कोल्हापूरच्या राजारामपुरीत स्वतःचं घर आहे, घरात पाच माणसं, फ्रीज, वॉशिंग मशीन, गीझर, एखादा एसी. महिन्याला ३०० युनिट जातात असं धरू. पहिली १०० युनिटं सहाच्या दरानं, पुढची २०० साडेअकरानं, स्थिर आकार सव्वाशे-दीडशे आणि वर शुल्क. बिल येतं साडेतीन हजारांच्या घरात. पॅनेलांची क्षमता किलोवॅटमध्ये मोजतात. कोल्हापुरात नीट बसवलेला एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चार युनिटं, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिटं देतो. पहिला किलोवॅट बसला की ३०० ची १८० होतात. गेलेली सगळी १२० युनिटं महागातली, त्यामुळे महिन्याला सुमारे सोळाशे रुपये वाचतात. दुसरा किलोवॅट १८० ला ६० वर आणतो. यातली ८० युनिटं महाग आणि ४० स्वस्त, बचत साडेतेराशेच्या आसपास. आणि तिसरा? त्याला खोडायला उरली फक्त ६० स्वस्त युनिटं. बचत जेमतेम सव्वाचारशे. बाकीची ६० युनिटं महावितरणच्या तारेत जातात.

पॅनेलं तीच आणि ऊनही तेच, पण पहिल्या किलोवॅटच्या मानानं तिसऱ्याची कमाई पाव हिश्शाच्या आसपास. तरी विक्रेते सर्रास तीन किलोवॅटच सुचवतात, कारण केंद्राच्या सूर्यघर योजनेचं अनुदान तिथं पुरं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये मिळतात आणि तिसऱ्याला १८,०००, असे मिळून जास्तीत जास्त ७८,०००. म्हणजे अनुदानसुद्धा तिसऱ्याला कमीच. सगळी सबसिडी पदरात पाडून घ्यायच्या नादात माणूस न लागणारा किलोवॅट विकत घेतो. दोन वर्षांत इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल किंवा दुसरा एसी लावायचा असेल, तर गोष्ट वेगळी. मग तिसरा जरूर घ्यावा.

बाजारात दोन किलोवॅटचा खर्च आज साधारण सव्वा ते दीड लाख आहे. सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा थोडा हातभार लागतो. ६०,००० चं अनुदान वजा केलं की खिशातून जातात पासष्ट ते नव्वद हजार. वरच्या घराची वर्षाची बचत पस्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच वर्षांत पैसे वसूल. एक ध्यानात ठेवा, अनुदान नंतर बँकेत जमा होतं. आधी पूर्ण रक्कम तुमची, नाहीतर कर्जाची.

आता दुसरं घर घ्या. नवरा-बायको दोघंच, मुलं पुण्याला, महिन्याला ८० युनिट. बिल सातशेच्या आसपास. एक किलोवॅट बसवला तर स्थिर आकार सोडून सगळं बिल जातं, पण 'सगळं' म्हणजे साडेपाचशे रुपये. अनुदान वजा जाऊन चाळीस-पंचेचाळीस हजार घालायचे आणि सहा-सात वर्षं वाट बघायची. पॅनेलं पंचवीस वर्षं टिकतात, तेव्हा तोटा नाही, पण घाईही नाही. शेजाऱ्यानं बसवलं म्हणून या घरानं बसवायचं कारण नाही.

दिवसाला चार युनिटं हा आकडा सरासरीचा आहे, आणि कोल्हापूरचं वर्ष सरासरीनं वागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेकडून ढग येऊन बसले की उत्पादन एप्रिलच्या निम्म्याच्या आसपास येतं. गगनबावड्याच्या बाजूला सरकाल तसं आणखी खाली. याउलट हातकणंगले-इचलकरंजीकडे पाऊस कमी, तिथं पावसाळ्याचा फटका तेवढा बसत नाही.

कडक ऊन म्हणजे भरपूर वीज, हा समज मात्र अर्धाच खरा. पॅनेलमधल्या सिलिकॉनला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. प्रकाशाचा कण सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला मोकळा करतो आणि सेलमध्ये, म्हणजे पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या एकेका चकतीत, मुद्दाम तयार केलेल्या दोन थरांमधलं विद्युत क्षेत्र त्याला एका बाजूला ढकलतं, हीच वीज. सेल तापला की या ढकलण्यातला जोर, म्हणजे व्होल्टेज, कमी होतं. पॅनेलवर छापलेली वॅटची क्षमता मोजलेली असते ती सेलचं तापमान २५ अंश असताना. एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंशांवर असते तेव्हा काचेखालचा सेल साठीच्या पुढं जातो. प्रत्येक अंशामागं सुमारे ०.३ ते ०.३५ टक्के घट धरली तर दहा-चौदा टक्के वीज उष्णतेतच जाते. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळला पाहिजे. मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर तासाभरानं लख्ख ऊन पडलं तर इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणाऱ्या यंत्राचा, आकडा बघावा. काच धुतलेली, पॅनेल गार आणि हवेतली धूळ खाली बसलेली. भर दुपारच्या रखरखाटात जो आकडा दिसला नव्हता, तो तेव्हा दिसतो.

उष्णतेवर आपला फारसा इलाज नाही, सावलीवर आहे. माझ्या मते निम्मे व्यवहार तिथंच फसतात. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका सेलवर सावली पडली की त्याचा प्रवाह घटतो आणि मागचेपुढचे सगळे अडतात. गळीत हंगामात अरुंद रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं अख्खी रांग अडते तसंच. यावर उपाय म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत बहुधा तीन बायपास डायोड असतात. अडलेला भाग वगळून ते प्रवाहाला वळणवाट देतात. पण वळणवाट धरली की तो भाग पूर्णच वाया जातो. नारळाच्या एका झावळीची सावली पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पाडू शकते.

त्यामुळे गच्ची बघायची ती सावलीच्या नजरेनं. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि जूनमध्ये तर तो दुपारी किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून पन्नास अंशांच्याच आसपास राहतो. जिन्याच्या खोलीची भिंत दहा फूट उंच असेल तर तिची सावली दुपारी साडेआठ फूट उत्तरेला पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. विक्रेता मे महिन्यात येऊन "सावलीचा प्रॉब्लेमच नाही" म्हणाला तर त्याच्यावर विसंबू नका. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला स्वतः गच्चीवर जा आणि पाण्याची टाकी, जिना, शेजारची इमारत यांच्या सावलीच्या कडा खडूनं आखा. तिन्ही वेळा जी जागा मोकळी राहते तीच तुमची खरी गच्ची. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या दाटीत ही जागा भरत नसेल तर नाद सोडलेला बरा. कौलारू घराची एकच उतरण पश्चिमेला असेल तरी अगदीच वाया जात नाही. दक्षिणेच्या मानानं दहा-पंधरा टक्के कमी मिळतं, इतकंच.

गच्ची पूर्ण अडवायची नसेल तर सांगाडा सात-आठ फूट उंच करून घेतात. मार्च-एप्रिलमध्ये चटणीच्या मिरच्या वाळत घालायला जागा लागतेच, आणि त्यावरून घरात होणारी कुरबुर कुठल्याच कोटेशनमध्ये धरलेली नसते. उंच सांगाड्याला वारा जास्त झोंबतो, तेव्हा पायांचं काँक्रीट आणि लोखंडाची जाडी यांत काटकसर नको. स्लॅबला भोकं पाडणार असतील तर गळती काढायची जबाबदारी कुणाची, हे लिहून घ्या.

आपल्याकडची आणखी एक खास गोष्ट म्हणजे काजळी. हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून आणि जाळलेल्या पाचटातून काळे तुकडे उडत येतात, दोरीवरच्या पांढऱ्या शर्टावर ते रोज दिसतात. तेच पॅनेलवरही बसतात, आणि नोव्हेंबर ते मार्च पाऊसही नसतो. आठ-पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, काच गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसलं तरी भागतं. बोअरचं पाणी जड असेल तर ते काचेवर सुकू देऊ नका, पांढरे डाग धरतात. गच्चीवर नळ नसेल तर कामासोबतच तो काढून घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षापासून कुणी वर चढत नाही.

सगळ्यात जास्त भ्रमनिरास होतो तो लाईट गेल्यावर. वर लख्ख ऊन, पॅनेलं ठणठणीत आणि घरात पंखा बंद. नेट मीटरवर (घेतलेली आणि तारेत दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवर) चालणारा साधा इन्व्हर्टर तारेतली वीज गेली की स्वतःहून थांबतो, तसा नियमच आहे. तो थांबला नाही तर तुमच्या गच्चीवरची वीज बंद समजल्या गेलेल्या तारेत शिरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहरातल्या अनेक भागांत लाईट नव्हती, अशा वेळी गच्चीवरचं साधं सोलर कुणाच्या कामी येत नाही. त्यासाठी बॅटरी आणि तिच्यासोबत चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि मग वरचा हिशेब पार बदलतो. लाईट अधूनमधून तासभर जात असेल तर घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर तसाच राहू द्यावा. सोलरला बॅटरी जोडायचा खर्च मला शहरातल्या घरासाठी पटत नाही.

कधीकधी खरं उत्तर पॅनेल नसतंच. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे तीन युनिटं लागतात, महिन्याला नव्वद. तुमच्या जादा युनिटांचा मोठा वाटा गीझरचा असेल तर पाणी तापवणारं जुन्या पद्धतीचं सोलर कमी जागेत आणि कमी पैशात तेच काम करतं. वीज तयार करणारं पॅनेल उन्हातली वीस-बावीस टक्के ऊर्जा पकडतं, पाण्याचं सोलर उष्णतेच्या रूपात साधारण निम्मी. पावसाळ्यात मात्र त्याला गीझरची साथ लागतेच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गच्ची सामाईक असल्यानं हे सगळं एकट्यानं करता येत नाही. सोसायटीला लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपयांचं अनुदान आहे. सभासदांचं एकमत होणं हा विज्ञानाचा विषय नाही.

बसवायचं ठरलं तर कोटेशनवर तीन गोष्टी लेखी हव्यात. पॅनेल देशी सेलचं आहे का, कारण त्याशिवाय अनुदान नाही. इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षांची, कारण पंचवीस वर्षांत तो एकदा तरी बदलावा लागणार. आणि वर्षाला किती युनिटं मिळतील, याचा विक्रेत्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला आकडा. किलोवॅटला चौदाशे-पंधराशेच्या फार वर लिहिला असेल तर दुसरा विक्रेता बघा.

राहिली वेळ. नेट मीटरवर उरलेली युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण हिशेब आर्थिक वर्षाचा असतो. ३१ मार्चला जी शिल्लक राहते तिचे पैसे मिळतात ते तुम्ही भरता त्या दरापेक्षा बरेच कमी. एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिटं जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत पुरी कामी येतात, जानेवारी-फेब्रुवारीत साठलेली मात्र स्वस्तात जातात. तेव्हा अर्ज, मंजुरी, मीटर या सगळ्यात जाणारा वेळ धरून दिवाळीनंतर हालचाल सुरू करावी आणि जोडणी मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला होईल असं बघावं.