उभ्या गाडीचं रसायनशास्त्र

ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा नवी मुंबईत वाशीच्या जुन्या सेक्टरमधल्या सोसायट्यांत अजूनही एखादी प्रीमियर पद्मिनी दिसते. अंगावर ताडपत्री, चारही टायर बसलेले, बॉनेटवर मांजरांच्या पावलांचे ठसे. मालकाला विचारलं तर अभिमानाने सांगणार, "गाडी फार चाललेलीच नाही हो, इंजिन अगदी नव्यासारखं आहे." कमी चालली ही त्याच्या लेखी गाडीची पुण्याई. अशी गाडी घरी खोलायला घेणाऱ्याने मात्र मीटरचा आकडा नंतर बघावा. ती किती पावसाळे उभी होती, हे आधी विचारावं.

घरच्या घरी हात काळे करून शिकायला पद्मिनीसारखी गाडी नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मूळ फियाट ११००च्या घराण्यातली. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव). ब्लॉक बिडाचा, त्यावरचं झाकण म्हणजे हेड ॲल्युमिनियमचं, पेट्रोल आणि हवा मिसळणारा एक कार्बोरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. कॉम्प्युटर कुठेच नाही, त्यामुळे बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो किंवा बोटाला लागतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. २० वर्षांची मुदत भरल्यावर, ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस, काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. उरल्या त्या बहुतेक खासगी, आणि त्यातल्या बऱ्याच उभ्या.

चालू इंजिनमध्ये धातू धातूला फारसा भिडत नाही. बेअरिंग आणि क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) यांच्या मध्ये ऑइलचा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो आणि सगळं त्यावर तरंगतं. इंजिन बंद झालं की ऑइल निथळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीत, उतरतं. काही महिन्यांत सिलिंडरची भिंत जवळपास उघडी पडते. झीज थांबते हे खरं, पण गंजाचं काम तिथून सुरू होतं.

लोखंड गंजणं ही विजेची प्रक्रिया आहे. पृष्ठभागावर पाण्याचा अगदी न दिसणारा थर पुरतो. एका ठिकाणी लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो, थोड्या अंतरावर ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो, आणि दोघांच्या मधलं पाणी वायरचं काम करतं. पाण्यात मीठ असलं की ही वायर जाड होते. स्वच्छ लोखंडाला गंजायला साधारण ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. समुद्री मिठाचं गणित वेगळं आहे. त्यात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते आर्द्रता जेमतेम ३३ टक्के असतानाही हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं. म्हणून ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही बाजूंना, इकडे कोपरी आणि तिकडे कळवा, ऐरोली ते बेलापूर, गंज फक्त पावसाळ्यात लागतो हा भ्रम आहे. खाडीला समुद्रासारख्या लाटा नसल्याने हवेत मीठ तितकं उडत नाही, हे मान्य. पण वर्षानुवर्षं बसलेला पातळ थर पुरेसा असतो, आणि स्टिल्टखाली उभ्या गाडीला तो धुऊन काढणारा पाऊसही लागत नाही. उलट ताडपत्रीमुळे आतला ओलावा आतच राहतो.

आता जाम झालेलं इंजिन. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये कुठल्याही क्षणी एक पिस्टन हवा ओढत असतो, एक दाबत असतो, एक जळलेल्या वायूने ढकलला जात असतो आणि एक धूर बाहेर फेकत असतो. म्हणजे इंजिन कुठेही थांबलं तरी निदान दोन सिलिंडरचे व्हॉल्व्ह कमी-अधिक उघडे राहणार. एकात कार्बोरेटरच्या वाटेने बाहेरची हवा येते, दुसऱ्यात सायलेन्सरच्या वाटेने. दिवसा ब्लॉक तापतो, हवा फुगून बाहेर जाते. रात्री थंड झाला की दमट हवा आत ओढली जाते. त्यामुळे गंज चारही सिलिंडरमध्ये सारखा नसतो. हेड उतरवल्यावर अनेकदा दोन सिलिंडर चकाचक आणि दोनांत पिस्टनभोवतीच्या रिंगच्या उंचीवर तपकिरी कडं दिसतं. ते बघून गाडी बंद केली त्या संध्याकाळी इंजिन कुठे थांबलं होतं, हे सांगता येतं! मला तरी जुन्या गाडीतलं हे सगळ्यात मजेदार वाचन वाटतं.

त्या कड्याने पिस्टन धरून ठेवलेला असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा लागते, आणि रिंग आणि भिंतीच्या फटीत एवढी जागा कुठून असणार? अशा वेळी बॅटरी लावून स्टार्टर मारणं किंवा गाडी ढकलून गियर टाकणं म्हणजे रिंग मोडून घेणं. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या मिस्त्रींचं यावर एकच वाक्य असतं: "जोर नंतर, आधी भिजू द्या."

भिजवायचं ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात. दोघांचं नीट जमत नाही, उभं ठेवलं की वेगळे होतात, त्यामुळे ओतण्याआधी बाटली हलवावी लागते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ओतायचं. ॲसिटोनमुळे मिश्रण इतकं पातळ होतं की ते केशाकर्षणाने फटीत शिरतं. मग ॲसिटोन उडून जातं आणि वंगण आत राहतं. ॲसिटोनची वाफ लगेच पेट घेते, म्हणून जवळ सिगारेट नको आणि ठिणगी उडवणारं कुठलंही मशीन नको. रोज थोडी भर घालत आठवडाभर, कधी त्याहून जास्त थांबायचं. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून पुढे-मागे केसभर हलवायचं. फिरला तर फिरला. नाही फिरला तर पुन्हा ओतायचं.

सुटे झालेले लोखंडी भाग, म्हणजे ब्रेक ड्रम, ब्रॅकेट, पुली, साफ करायला वायर ब्रश आणि ग्राइंडर हा सगळ्यांचा पहिला उपाय. त्याने गंजाबरोबर चांगला धातूही जातो. ॲसिडचंही तेच. त्यापेक्षा गंज लागला त्याच वाटेने त्याला मागे पाठवता येतं, आणि त्याला लागतं ते सामान घरात असतं.

प्लॅस्टिकची बादली, पाणी, त्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा. गंजलेला भाग तारेने पाण्यात असा लोंबकळत ठेवायचा की तो कशालाही टेकणार नाही. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची निगेटिव्ह क्लिप त्याला जोडायची आणि पॉझिटिव्ह क्लिप एखाद्या भंगार लोखंडी पट्टीला. चार्जर सुरू केला की मिनिटभरात भागाच्या अंगावर बारीक बुडबुडे धरतात. तो हायड्रोजन. गंजताना गेलेले इलेक्ट्रॉन चार्जर परत देत असतो, त्यामुळे लाल गंज कमी होत जाऊन त्याचं काळं, भुसभुशीत मॅग्नेटाइट होतं. बुडबुडे ते पृष्ठभागावरून सैल करतात. पाण्यावर नारिंगी फेस जमतो आणि सोसायटीतली मुलं येऊन "काका, चहा उकळतोय का" म्हणून विचारतात. रात्रभरानंतर भाग बाहेर काढून नायलॉनच्या ब्रशने घासला की काळं निघून जातं आणि खाली मूळ धातू असतो, त्यावरचा ओतकामाचा नंबरसुद्धा वाचता येतो.

इथे चार गोष्टींत हलगर्जी चालत नाही. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताट लावू नका. त्यातल्या क्रोमियमपासून विषारी, कर्करोगकारक संयुगं पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ टाकलं तर क्लोरिन निघतो. ॲल्युमिनियमचं हेड किंवा जस्ताच्या मिश्रधातूची कार्बोरेटरची बॉडी या पाण्यात बुडवायची नाही, सोडा ती खातो. स्प्रिंगही नको, कारण हायड्रोजन कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. बादली अर्थातच उघड्यावर, हवा खेळती असेल तिथे ठेवायची. भाग बाहेर काढल्यावर आपल्याकडच्या हवेत तो बघता बघता पुन्हा तांबूस पडू लागतो, म्हणून लगेच कोरडा करून ऑइल किंवा प्रायमर मारायचा.

ब्रेकच्या बाबतीत माझं मत थोडं कठोर आहे. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, ब्रेक गेला तर थांबत नाही. ब्रेक ऑइल म्हणतात ते मुळात तेल नसतं, ग्लायकॉलच्या घराण्यातला द्रव असतो, आणि त्याला पाण्याची ओढ असते. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणाच्या भोकातून तो हवेतला ओलावा शोषत राहतो. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. येऊरच्या उतारावर ड्रम तापले आणि ऑइल उकळलं, तर पायाखाली वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं.

उभ्या गाडीत नुकसान व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या छोट्या सिलिंडरमध्ये, दिसतं. रबरी कप काढला की तो जिथे इतकी वर्षं टेकून होता तिथे एक गडद रेघ असते आणि तिच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने जातो. नख फिरवल्यावर अडकलं तर सिलिंडर बदलायचा, तिथे काटकसर नको. हे भाग रॉकेल किंवा पेट्रोलने धुवायची गॅरेजांत सर्रास पद्धत आहे, ती चूक आहे. खनिज तेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं. स्पिरिट किंवा नवं ब्रेक ऑइलच वापरावं. ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकावं.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो. टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, बाकीच्यातले काही ऑक्सिजनशी जोडले जाऊन चिकट राळ होते आणि कार्बोरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीचं, भोक बुजतं. जेट तारेने खोदू नका, भोक मोठं होतं. सॉल्व्हंटमध्ये भिजवून हवेने फुंका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा मऊ करतं, त्यामुळे ते आधीच बदललेले बरे. शिवाय शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. जुन्या जेटने मिश्रणात इंधन कमी पडतं आणि इंजिन गरम चालतं. ट्यूनिंग करणाऱ्याला हे सांगून जेट एक नंबर वाढवून घ्यावा लागतो.

बोअर आणि क्रँक घासून घेणं मात्र घरी होत नाही. सिलिंडर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजावा लागतो, तोही वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी, कारण तो गोल राहिलाय की अंडाकृती झालाय हे डोळ्याला कळत नाही. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पट्ट्यात हे काम करणारे जुने हात अजून आहेत. ब्लॉक त्यांच्याकडे नेताना पिस्टनही बरोबर न्यावेत. चांगला मिस्त्री पिस्टन मोजल्याशिवाय बोअर करत नाही.

गाडी चालू झाली की नवी सवय लागते. दर रविवारी पार्किंगमध्येच पाच मिनिटं इंजिन सुरू करायचं आणि समाधानाने बंद करायचं. यापेक्षा न सुरू केलेलं बरं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, कारण पेट्रोलमधल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन मिळतो. इंजिन गरम असेल तर हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंड इंजिनमध्ये त्याचा काही भाग रिंगच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतो आणि काही सायलेन्सरमध्येच साचतो. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट, ताकासारखा थर दिसला तर तो बहुधा याचाच असतो. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा, पहाटे रस्ता मोकळा असताना, घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन यावं. अर्धा तास न थांबता चालली की ऑइलही पाणी उडून जाण्याइतकं तापतं. उन्हाळ्यात मात्र माजिवड्याच्या सिग्नलला अडकण्याआधी परत या, पद्मिनीच्या रेडिएटरची सहनशक्ती तेवढीच आहे.