रानात कोणती अळी पडलीय ते आधी बघा

पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात ऑनलाइनच्या दुकानवाल्यासमोर अपडेटचं नाव काढू नये, तो मारायला उठतो. २०२५ च्या जुलैअखेरीस परभणीकडच्या एका गावात दाजींच्या सेंटरवर बसलो होतो, बाहेर पंधरा-वीस माणसं सातबारा अन् पासबुकाची झेरॉक्स घेऊन उभी, आत पोर्टल नुसतं गोल गोल फिरायलेलं. मी म्हणलं, "दाजी, विंडोज अपडेट मागायलंय बघा." दाजी स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणले, "मागू द्या. रोजच मागतंय ते. इथं सर्व्हर चालंना, अन् अपडेट चालू असतानाच लाईट गेली तर काय तुम्ही फॉर्म भरणारेत का?"

खरंय त्यांचं. पण त्याच मशीनवर विनरार होतं, अन् ते बघून माझ्या पोटात गोळा आला.

विनरार सगळ्यांना माहितीय, झिप फाईल उघडायचं ते. ४० दिवसांची ट्रायल संपली म्हणून दरवेळी एक खिडकी येते अन् सगळे ती न वाचताच बंद करतात, दाजी तर बोटाच्या सवयीनंच. आता ३० जुलै २०२५ ला त्याची ७.१३ आवृत्ती आली, म्हणजे विम्याच्या ३१ जुलैच्या मुदतीच्या आदल्या दिवशी. ती कशासाठी आली तर ईसेट नावाच्या स्लोव्हाकियातल्या कंपनीला त्यात एक भोक, म्हणजे चोराला आत शिरता येईल अशी चूक, सापडलं होतं, अन् चोरांना ते आधीच सापडलेलं होतं. झिप किंवा रार फाईलीच्या पोटात प्रत्येक फाईलीचा पत्ता लिहिलेला असतो, ही कुठं ठेवायची म्हणून. चोरांनी तो पत्ता असा काही लिहिला की तुम्ही "इथंच उघड" म्हणलं तरी एक फाईल गुपचूप विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरात जाऊन बसायची, अन् पुढच्या वेळी लॉगिन केलं की आपोआप चालू. वरून दिसायला ती कुणाच्यातरी नोकरीच्या अर्जाची फाईल. अन् गंमत म्हणजे विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, तुम्हीच जाऊन नवं उतरवून घ्यायचं. दाजींच्या मशीनवर ५.६१ होतं! म्हणजे २०१९ मध्ये उघडकीला आलेलं, तब्बल १९ वर्षं कुणाला न दिसलेलं दुसरं एक भगदाडही तसंच उघडं, कारण ते ५.७० मध्ये बुजवलं गेलं.

तर लोक मला विचारतात, हे रोज नवीन व्हायरस, नवीन भोकं निघतात त्याचा पत्ता ठेवायचा कसा? सगळ्यांचा ठेवायचाच नाही, असं माझं उत्तर असतं. सापडलेल्या प्रत्येक भोकाला एक नंबर मिळतो, आपल्या आधारसारखा, त्याला सीव्हीई म्हणतात. १९९९ पासून अमेरिकेतली मायटर ही संस्था ही यादी सांभाळते. वरच्या विनरारच्या भोकाचा नंबर सीव्हीई-२०२५-८०८८. एकट्या २०२४ मध्ये असे ४० हजारांच्या आसपास नंबर निघाले, म्हणजे दिवसाला शंभराच्या वर. ते वाचत बसलं तर जेवायलाही वेळ मिळणार नाही.

आपल्याकडं कापूसवाल्याला हे लगेच कळतं. रानात किडी शेकड्यानं असतात, पण कोणता शहाणा शेतकरी सगळ्यांवर फवारा मारत बसतो? आधी बघायचं आपल्या रानात पीक काय, मग त्या पिकावरची कीड कोणती, अन् ती नुकसान करण्याइतकी वाढलीय का. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात, सलग तीन दिवस एका सापळ्यात ८-१० पतंग सापडले की मग फवारणीचा विचार. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला याच अंगानं असतो.

कॉम्प्युटरवाल्यांचे सापळेही असेच असतात बरं का. मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन नेटवर उघडं टाकून द्यायचं अन् त्यावर कोण येतंय, कोणतं भोक चाचपायलंय ते टिपत बसायचं. अशा सापळ्यांतून अन् खऱ्या हल्ल्यांच्या तपासातून कळतं की कोणती भोकं नुसती कागदावर आहेत अन् कोणत्यातून चोर खरंच आत शिरायलेत. अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये फक्त या दुसऱ्या प्रकारची वेगळी यादी सुरू केली, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की एकूण भोकांपैकी ४ टक्क्यांहूनही कमी भोकं प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली गेलीत. २०२४ अखेर त्या यादीत १२०० च्या वर नोंदी होत्या. त्यातल्या दाजींच्या मशीनला लागू होणाऱ्या किती, तर विंडोज, क्रोम अन् विनरार एवढ्यांच्याच. संपलं. बातम्यांत गंभीरतेचा आकडा येतो, १० पैकी ९.८ वगैरे, त्याला लोक लई घाबरतात, पण तो आकडा विषाचा जहालपणा सांगतो, साप तुमच्या घरात शिरलाय का नाही ते सांगत नाही. आपल्या देशात २००४ पासून सर्ट-इन ही कॉम्प्युटर सुरक्षेची सरकारी संस्था आहे, त्यांच्या सूचना निघत असतात, त्याही अशाच वाचायच्या, आधी सॉफ्टवेअरचं नाव अन् आवृत्ती.

आता वेळेचं. लोकांना वाटतं पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, आला म्हणजे धोका टळला, पण खरी शर्यत तिथून सुरू होते. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच सोडतं, आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. पॅच सगळ्यांना मिळतो, चोरालाही. मग तो जुनी फाईल अन् नवी फाईल शेजारी ठेवतो, काय बदललं ते बघतो, अन् भोक नेमकं कुठं होतं ते त्याला त्या दुरुस्तीवरूनच कळतं! भिंतीला ताजा गिलावा दिसला की आत बीळ होतं हे समजतंय ना, तसं. तुमच्या भिंतीला गिलावा अजून लागलेला नाही एवढाच त्याचा फायदा.

२०१७ चं उदाहरण घ्या. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या फाईल शेअरिंगमधलं एक भोक बुजवलं. १४ एप्रिलला त्याच भोकातून शिरायचं हत्यार, जे अमेरिकेच्या एनएसए या हेर संस्थेनं बनवलं होतं, शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीनं नेटवर फुकट टाकलं. १२ मे ला वॉनाक्राय सुटला, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. पॅच येऊन ५९ दिवस झाले होते. ब्रिटनच्या दवाखान्यांत ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली, दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर मशीनी अडकल्या, बहुतेक विंडोज ७ च्या. कुणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती, एका मशीनमधून शेजारच्या मशीनमध्ये ज्या रस्त्यानं स्कॅनचं फोल्डर शेअर करतात त्याच रस्त्यानं तो पळाला. दाजींच्या दुकानात तिन्ही मशीनी तशाच जोडलेल्या आहेत. आणि त्याच सालच्या खरिपात आपल्या बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली होती, बीटी म्हणजे अळीचं विष झाडातच, म्हणून सगळे निवांत होते, तोवर अळी त्या विषाला सरावलेली.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात बसत नाही, ती म्हणजे व्हाट्सअपवर फिरणारी एपीके, म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकायची फाईल. पीएम किसान यादी, गाडीचं चलान, लग्नपत्रिका, नावं वेगळी पण आत एकच माल. यात मोबाईलमध्ये कसलंच भोक नसतं. फोन विचारतो, अनोळखी अ‍ॅप टाकू का, आपण हो म्हणतो, मग ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, तिलाही हो, अन् बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराच्या हातात. त्याला कोणताच पॅच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन, तासाभरात केला तर पैसे वाटेतच गोठवायची शक्यता बरी असते.

माझ्याकडं एक वही आहे, तिच्यात दाजींच्या मशीनींची पानं आहेत. प्रत्येकावर काय काय आहे अन् कोणती आवृत्ती, बस. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत जातो, इन्व्हर्टरची बॅटरी बघतो, अपडेट लावतो. विनरार त्याच दिवशी बदललं. राहिलं ते कोपऱ्यातलं विंडोज ७, त्याला १४ जानेवारी २०२० नंतर पॅचच बंद झालेत, पण जुना स्कॅनर तेवढ्यावरच चालतो म्हणून दाजी ते सोडत नाहीत. शेवटी मी त्याची नेटची वायर काढून वर खिळ्याला गुंडाळून ठेवली, म्हणलं याच्यावर फक्त स्कॅन करायचं, दाजी.

पुढच्या बुधवारी गेलो तर वायर परत लावलेली. "पासपोर्ट फोटोवाला आला होता ओ," दाजी म्हणले, "त्याचा फोटो व्हाट्सअपवर होता."