फर्स्ट क्लासचा पास आणि एसी लोकलचा पास: एक डब्याचा, दुसरा गाडीचा

मुंबईच्या एसी लोकलमध्ये टीसी चढला की थोड्या वेळात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, पण माझा फर्स्ट क्लासचा पास आहे!" हे म्हणणारा माणूस फुकट्या नसतो. सेकंड क्लासच्या कितीतरी पट पैसे मोजून त्याने तिमाही पास काढलेला असतो, तो वेळेत रिन्यू केलेला असतो, आयकार्डही खिशात असतं. त्यामुळे त्याच्या आवाजात पकडलं गेल्याची भीती नसते, अपमान झाल्याचा राग असतो. आजूबाजूचे चार जण त्याची बाजूही घेतात. आणि तरीही शेवटी टीसी पावती फाडतोच.

एसी लोकल धावायला लागून आता आठ वर्षं झाली, तरी हा घोळ काही मिटत नाही. दोन्ही पास महाग, दोन्ही मिरवायचे, दोन्ही सेकंड क्लासच्या वरचे. म्हणून ते एकाच जातीचे असणार, असा साधा समज. त्यात लांब पल्ल्याच्या गाड्यांमुळे ‘फर्स्ट एसी’ असा जोडशब्द कानावर बसलेला. मुंबईच्या लोकलमध्ये मात्र हे दोन शब्द कधी एकत्र आले नाहीत. इथला फर्स्ट क्लास म्हणजे बिगर-एसी लोकलमधले ठरावीक डबे. पंखे तेच, उघडी दारंही तीच, फक्त सीटला गादी आणि गर्दी जरा ओळखीची. प्लॅटफॉर्मवर लाल-पिवळे तिरपे पट्टे दिसतात तिथे तो डबा लागतो. एसी लोकल म्हणजे अख्खी गाडीच वेगळी. तिच्यात महिलांचे डबे राखीव आहेत, पण फर्स्ट आणि सेकंड असा भेद नाही. पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत भाडं एकच.

फर्स्ट क्लास हा डबा आहे आणि एसी ही गाडी आहे, हे एकदा लक्षात आलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. उतरंड तीन पायऱ्यांची: खाली सेकंड, मध्ये फर्स्ट, वर एसी. वरच्या पायरीचा पास खाली चालतो. म्हणजे एसीचा पास असलेल्याची एसी गाडी चुकली किंवा रद्द झाली, तर तो मागून येणाऱ्या साध्या लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये बिनधास्त बसू शकतो. खालच्याचा वर चालत नाही. फर्स्ट क्लासवाल्याने एसीत पाऊल ठेवलं की तो वरच्या वर्गात विनापरवाना गेलेला प्रवासी. 1989च्या रेल्वे कायद्याचं कलम 138 यासाठीच आहे. वरच्या वर्गाच्या डब्यातून किंवा वरच्या वर्गाच्या गाडीतून प्रवास केला, तर भाड्यातला फरक आणि वर किमान 250 रुपये जादा आकार. डबा आणि गाडी हे दोन्ही शब्द कायद्यातच आहेत, आणि ते मुंबईत पहिली एसी लोकल धावायच्या 28 वर्षं आधीपासून. त्यामुळे "गाडीत वर्गच नाहीत तर मी वरच्या वर्गात कसा?" हा युक्तिवाद ऐकायला झकास असला तरी टिकत नाही.

रेल्वेच्या अ‍ॅपवर पास किंवा तिकीट काढतानाही हीच विभागणी समोर येते. वर्ग एका रकान्यात निवडायचा असतो आणि गाडीचा प्रकार दुसऱ्या: साधी की ‘एसी ईएमयू’, म्हणजे एसी लोकल. घाईत माणूस वर्गापुढे ‘फर्स्ट’ निवडतो, खालचा रकाना आहे तसा सोडतो, पैसे भरतो आणि आपण सगळ्यात वरचं तिकीट घेतलं असं समजून थंडगार गाडीत शिरतो. तिकिटावर ‘एसी ईएमयू’ ही अक्षरं नसतील, तर ते एसीचं तिकीट नव्हे. किती पैसे दिले याला अर्थ नाही. जाता जाता आणखी एक: अ‍ॅपवर काढलेला नवा पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. संध्याकाळी पास काढून त्याच संध्याकाळी त्यावर घरी निघणारे दर महिन्याला सापडतात.

आता पैशांचं. इथे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या मते लोकांचा गोंधळ वाढवायला खुद्द भाड्याची रचनाच जबाबदार आहे. पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 रोजी पश्चिम रेल्वेवर बोरिवलीहून चर्चगेटकडे निघाली. तिचं भाडं ठरवताना मोजमाप फर्स्ट क्लासचंच धरलं होतं: फर्स्ट क्लासच्या एकेरी मूळ भाड्याच्या 1.3 पट, आणि पहिले सहा महिने सवलत म्हणून 1.2 पट. पासचा हिशोब त्या एकेरी भाड्यावर बेतला. आठवड्याचा पास पाच फेऱ्यांच्या किमतीत, पंधरवड्याचा साडेसात फेऱ्यांच्या, महिन्याचा दहा फेऱ्यांच्या. म्हणजे रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचा महिन्याचा पास कामाच्या पहिल्या पाच दिवसांतच वसूल. रोजच्या माणसाला तिकीट काढणं परवडणारच नाही, अशीच ती आखणी होती.

तरी गाड्या रिकाम्या धावल्या. साध्या लोकलमध्ये लोक दाराला लोंबकळत असताना शेजारच्या रुळावरून अर्धी रिकामी एसी लोकल जाते, हे दृश्य त्या काळात अगदी नेहमीचं होतं. मग 5 मे 2022 पासून एकेरी तिकिटाचं भाडं कमी झालं. पाच किलोमीटरपर्यंतचं एसीचं किमान भाडं 65 रुपयांवरून जवळपास निम्म्यावर आलं. त्याच वेळी फर्स्ट क्लासचं किमान एकेरी तिकीटही 50 वरून 25 वर आणलं. म्हणजे कमी अंतराला दोन्हींत फरक राहिला मोजक्या रुपयांचा. चहाचेही पैसे नाहीत!

पण पास तिथेच राहिले. एसीचाही आणि फर्स्ट क्लासचाही. इथे तिकीट काढणारा आणि पास काढणारा यांची वाट वेगळी झाली. क्वचित जाणाऱ्यासाठी फर्स्ट क्लासचं तिकीट घेण्यात आता फारसा अर्थ उरला नाही. मोजके रुपये जास्त टाकून एसी मिळत असेल तर पंख्याखाली घाम कोण पुसत बसेल? रोजच्या माणसाला मात्र फर्स्ट क्लासच्या आणि एसीच्या पासातला फरक दर महिन्याला खिशाला जाणवतो, आणि तिमाही-सहामाही पास काढणाऱ्याला तो एकदम मोठ्या आकड्यात दिसतो. "तिकीटवाल्यांना सवलत आणि आम्ही इतकी वर्षं पास काढतोय त्यांना काय?" ही तक्रार 2022च्या उन्हाळ्यात गाड्यांमधून सर्रास ऐकू यायची, आणि ती रास्त होती. सप्टेंबर 2022 मध्ये रेल्वेने थोडी मुभा दिली: लांब मुदतीचा फर्स्ट क्लासचा पास हाती असेल, तर फरकाची रक्कम भरून तो एसीचा करून घेता येऊ लागला. पासची किंमत काही कमी झाली नाही, पण मुदत संपेपर्यंत अडकून बसायची वेळ तरी टळली.

या कपातीचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. महिन्याचा पास म्हणजे जुन्या भाड्याच्या दहा फेऱ्या. तिकीट जिथे अर्ध्यावर आलं, तिथे त्याच पासच्या पैशांत सुमारे वीस एकेरी तिकिटं येतात. वीस फेऱ्या म्हणजे दहा दिवसांचं जाणं-येणं. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाणाऱ्याने पास काढला तर तो घाट्यात. तीन दिवस जाणाऱ्याला पास परवडतो, तेही थोडक्यात. सगळ्या अंतरांना भाडं नेमकं निम्मं झालेलं नाही, त्यामुळे आपल्या स्टेशनचं तिकीट आणि पास यांचा भागाकार एकदा करून बघावा. बरेच लोक सवयीने पास रिन्यू करत राहतात. पास नाही म्हणजे आपण रोजचे प्रवासीच नाही, असं वाटत असावं.

आत्तापर्यंतची भांडणं टीसी आणि प्रवासी यांच्यातली, फरक आणि अडीचशे रुपयांची. खरी ठिणगी पडली ऑगस्ट 2022 मध्ये, आणि तिचं मूळही डबा विरुद्ध गाडी हेच होतं. फर्स्ट क्लासचा डबा वाढवला तर बाकीच्यांची जागा थोडी आक्रसते, पण ठरल्या वेळेची गाडी तर येते. साध्या लोकलच्या जागी एसी आणली की सेकंड क्लासच्या पासवाल्यासाठी ती गाडीच वेळापत्रकातून गेली. मध्य रेल्वेने 19 ऑगस्टपासून दहा साध्या फेऱ्या एसी केल्या. त्याच सकाळी ठाण्याजवळच्या कळव्याच्या प्रवाशांनी कारशेडमधून, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारातून, बाहेर पडणारी एसी लोकल अडवली. कळव्याची गोष्ट बाहेरच्याला चटकन समजत नाही. तिथे फास्ट गाड्या थांबत नाहीत आणि स्लो गाड्या कल्याण-डोंबिवली-दिव्याहून भरून येतात. म्हणून कित्येक जण थेट कारशेडमध्ये जाऊन, रिकामी लोकल बाहेर पडायच्या आत चढायचे. नियमात बसणारं नव्हतं ते, पण वर्षानुवर्षं तसं चालत होतं. ती लोकल एसी झाली आणि दारं बंद झाली. सेकंड क्लासचा पास तिथे चालत नाही, आणि बंद दाराला लोंबकळताही येत नाही.

तीन दिवसांनी बदलापूरला प्रवासी स्टेशन मॅनेजरच्या कार्यालयावर धडकले. तिकडचं दुखणं वेगळं. एक गाडी गेली की पुढची लगेच नसते, त्यामुळे साध्याची एसी झालेली एकच लोकल म्हणजे संध्याकाळची सगळी घडी विस्कटली. 25 ऑगस्टपासून मध्य रेल्वेने त्या दहाही एसी फेऱ्या मागे घेतल्या.

तेव्हा काही जणांनी या आंदोलकांना ‘प्रगतीचे विरोधक’ ठरवलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. थंड हवेला कुणाचा विरोध असणार? मागणी साधी होती: एसी आणा, पण जादा फेरी म्हणून आणा, आमची गाडी काढून नको. यावर रेल्वेचं उत्तरही खोटं नव्हतं. गर्दीच्या वेळी रुळांवर जादा गाडी घुसवायला फटच नाही. म्हणून फेऱ्या नंतरही वाढल्या त्या बहुतेक बदलूनच. नोव्हेंबर 2024 मध्ये पश्चिम रेल्वेवरच्या एसी फेऱ्या 96 वरून 109 वर गेल्या, एप्रिल 2025 मध्ये मध्य रेल्वेवरच्या 66 वरून 80 वर. या वेळी कळव्यासारखं काही झालं नाही. तोवर एसी गाड्या गच्च भरायला लागल्या होत्या आणि भांडणाची दिशाही फिरली होती.

ती फिरली एसीच्या पासवाल्यांकडे. पावसाने गाड्या खोळंबल्या की प्लॅटफॉर्मवर जी गाडी येईल तिच्यात लोक शिरतात, मग पास सेकंडचा असो वा फर्स्टचा. एसीत शिरलेला शेवटचा माणूस पायरीवर अडकला की दार मिटत नाही, आणि दार मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. आत उभे असलेले "मागे व्हा, मागे व्हा" ओरडतात, बाहेरचे "आत सरका" म्हणतात. महागड्या पासचे पैसे मोजून घुसमटणाऱ्यांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की 2024 मध्ये रेल्वेने एसीतल्या विनातिकीट प्रवाशांविरुद्ध खास पथकं नेमली आणि तक्रारीसाठी व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिले. त्या तक्रारींत गमतीची बाब अशी की आत घुसलेल्यांमध्ये ‘फर्स्ट क्लासवाले’ बरेच असतात, आणि आपण सेकंडवाल्यांसारखे घुसखोर नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. टीसीच्या पावतीपुस्तकात दोघांचं नाव एकाच पानावर.

मग दोहोंपैकी काय घ्यावं? तुमच्या वेळेला, तुमच्या स्टेशनवर थांबणाऱ्या एसी गाड्या मोजा. जाताना एक आणि येताना एक मिळत असेल, तर एसीचा पास घ्यावा. ती चुकलीच तर फर्स्ट क्लास हाताशी आहेच. फक्त एका बाजूलाच मिळत असेल, तर फर्स्ट क्लासचा पास आणि अधूनमधून एसीचं वेगळं एकेरी तिकीट, हे गणित बरं बसतं. पण ते तिकीट पूर्ण काढायचं. पास दाखवून "फरक देतो" म्हणायची सोय टीसीकडे नाही, तिथे फरकासोबत अडीचशेही येतात.

9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी खाली पडून मृत्यू झाले आणि उघड्या दारांचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्यानंतर नव्या लोकल आपोआप मिटणाऱ्या दारांच्याच असतील, असं रेल्वेने सांगितलं, आणि पुढे येणाऱ्या एसी गाड्यांसाठी भाडं वाढणार नाही, असं राज्य सरकारकडून सांगितलं गेलं. सगळ्याच गाड्या तशा आल्या आणि सेकंड क्लासचा पास त्यांत चालला, तर कळव्याच्या माणसाची तक्रार उरणार नाही. फर्स्ट क्लासवाला मात्र तेव्हा गादीच्या सीटचा वेगळा डबा पुन्हा मागेल, अशी माझी पैज आहे.