तीन बोटं की पूर्ण पंजा? स्काउट आणि एनसीसीमधला घोळ

आठवीत एनसीसीच्या पहिल्याच परेडला मी ताठ उभा राहून कडक सॅल्यूट ठोकला. कवायत शिकवणारे फौजी उस्ताद चालता चालता थबकले. "बाकी पंजा किधर गया?" रांगेत खसखस पिकली. पाचवीपासून तीन वर्षं स्काउटमध्ये काढलेली, त्यामुळे करंगळी आपसूक अंगठ्याखाली गेली होती आणि कपाळाशी तीनच बोटं पोचली होती. ही तीन बोटं म्हणजे स्काउटच्या वचनाचे तीन भाग: देव किंवा धर्म आणि देश यांच्याप्रति कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काउट नियमांचं पालन. उस्तादांना हे समजावून सांगायची सोय नव्हती. "पूरा पंजा, बीस बार," ते म्हणाले. केला वीस वेळा.

घरच्यांना यातलं काहीच वेगळं वाटलं नाही. स्काउट म्हणजे लहान मुलांची एनसीसी, असं सगळे धरून चालले होते. अजूनही चालतात. "स्काउट, एनसीसी, जे काय असेल त्यात घाला, जरा शिस्त लागेल," हे वाक्य शाळेच्या ऑफिसात मी मोठेपणीही ऐकलंय. गणवेश, शिट्टी, झेंडा, शिबिर हे सगळं बाहेरून सारखंच दिसतं, त्यामुळे पालकांना तरी किती दोष द्यायचा?

खरं तर घोळ थेट मुळातच आहे. स्काउटिंग सुरू करणारे रॉबर्ट बेडन-पॉवेल हे पक्के लष्करी गृहस्थ. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात 1899-1900 मध्ये शत्रूने वेढलेलं माफेकिंग गाव त्यांनी 217 दिवस झुंजवलं. तिथे शाळकरी वयाची पोरं निरोप पोचवायचं काम करत. सैनिकांना टेहळणी शिकवण्यासाठी त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. ते इंग्लंडात परतले तर तेच पुस्तक पोरं आणि शिक्षक खेळासाठी वापरताहेत! मग ऑगस्ट 1907 मध्ये त्यांनी इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं बड्या निवासी शाळांतली, काही जवळपासच्या कामगार घरांतली. सकाळी उठवायला आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं शिंग फुंकायचे. मुलांच्या चार तुकड्या केल्या, नावं प्राण्या-पक्ष्यांची, आणि प्रत्येक तुकडीचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा.

माझ्या मते स्काउटिंगचं सगळं मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे. आयुष्यभर हुकूम देणाऱ्या माणसाने मुलांच्या बाबतीत कवायतीला दुय्यम ठरवलं आणि सहा-आठ पोरांच्या टोळक्याला आपलं आपण चालू दिलं. आपल्याकडे त्याला संघ म्हणतात आणि नायकाला संघनायक. रोज एक सत्कृत्य करायचं, त्याची आठवण राहावी म्हणून गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारायची, ही युक्तीही बेडन-पॉवेल यांचीच. मुलींनी आम्हालाही यायचंय म्हणून हट्ट धरला, तेव्हा 1910 मध्ये गर्ल गाइड्स सुरू झालं आणि बहीण अ‍ॅग्नेस यांच्याकडे त्याची जबाबदारी आली. 'गाइड' हे नाव मात्र वायव्य सरहद्दीवरच्या हिंदुस्थानी फौजेतल्या 'कोअर ऑफ गाइड्स' या पलटणीवरून घेतलेलं. म्हणजे पुन्हा लष्कर आलंच.

हिंदुस्थानात स्काउटिंग 1909 मध्ये बंगळुरूत आलं, पण युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद. तेव्हा मद्रासकडे अ‍ॅनी बेझंट यांनी आणि अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी आपापली स्काउट पथकं उभी केली. अशा वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 ला भारत स्काउट्स अँड गाइड्स झाली आणि 1951 मध्ये गाइड्सची संघटनाही तिच्यात आली.

यातले पंडित कुंझरू लक्षात ठेवा. गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते पुढे दीर्घकाळ अध्यक्ष होते. याच कुंझरूंच्या अध्यक्षतेखाली 1946 मध्ये एक समिती नेमली गेली, तिने मार्च 1947 मध्ये अहवाल दिला आणि त्यातून 15 जुलै 1948 ला एनसीसी उभी राहिली. दोन्ही घरांत एकच माणूस! आणि तरीही त्यांनी दोन्हींची मोट बांधली नाही.

कारण एनसीसीचं काम वेगळं होतं. ती कायद्याने स्थापन झाली, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि कवायत शिकवायला फौजेतलेच उस्ताद येतात. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये ती कॉलेजात सक्तीची झाली, 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक. कॅडेटवर सैन्यात जायचं बंधन नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण ज्याला जायचंय त्याला एनसीसीच्या सर्वांत वरच्या, 'सी' सर्टिफिकेटचा उपयोग होतो: अधिकारी होण्यासाठी त्याच्या जोरावर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या अधिकारी निवड मंडळाच्या, मुलाखतीपर्यंत जाता येतं. स्काउट ही मात्र स्वयंसेवी संघटना, जगभर पसरलेल्या चळवळीची फांदी. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशी तिची शिडी.

हे झालं कागदावरचं. अनुभव सांगायचा तर स्काउटमधली माझी मोठी आठवण 'खरी कमाई'ची, म्हणजे मुलांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवायच्या उपक्रमाची. आमच्या गरुड संघाने भेळेचा स्टॉल लावला. चिंचेची चटणी इतकी आंबट झाली की पहिल्या गिऱ्हाईकाने तोंड वाकडं केलं. गूळ आणायला कोण पळणार, भाव उतरवायचा का, उरलेल्या कुरमुऱ्यांचं काय करायचं, हे सगळं सातवीतल्या संघनायकाने ठरवलं. सर चार हातांवर उभे होते, पण मध्ये पडले नाहीत. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, तोंड मिटून उभं राहणं हेच त्यांचं त्या दिवशीचं काम होतं.

एनसीसीत असं चालत नाही, चालूही नये. तिथलं सुख निराळं. 'दाहिने मुड' म्हटल्यावर चाळीस बुटांचा एकच ठोका पडला की अंगावर काटा येतो, ते रुमाल गळ्यात घालून कधी कळलं नव्हतं. फायरिंगच्या दिवशी पॉइंट टू-टू रायफल घेऊन पालथं पडलो. धक्का जवळजवळ नव्हताच, पण श्वास रोखून हुकमाची वाट पाहायची ती दोन सेकंदं फार मोठी वाटली. तिथे कुणी स्वतःच्या डोक्याने गोळी झाडली असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

त्यामुळे 'दोन्हींतलं चांगलं काय' हा प्रश्न मला तितकासा पटत नाही. शाळेत दोन्ही असतील तर वयाने आपोआप जुळतं: दहाव्या वर्षापासून स्काउट, आठवीत एनसीसी. अडचण वेगळीच आहे. अनेक शाळांत स्काउट म्हणजे 26 जानेवारीला रुमाल घालून संचलन करणं एवढंच उरलंय, म्हणजे जे एनसीसी शंभर पटींनी नीट करते ते. तेव्हा शाळेत चौकशी करायचीच असेल तर सवलतीच्या गुणांबरोबर एवढंही विचारा: गेल्या वर्षी मुलं किती रात्री तंबूत झोपली, आणि त्या रात्री भात कुणी शिजवला?