डॉक्टरविरुद्ध तक्रार: मेडिकल कौन्सिलकडे की ग्राहक आयोगाकडे?

दवाखान्यात काही बरंवाईट घडलं, की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘त्याची डिग्रीच काढून घ्यायला पाहिजे.’ दुसरं, ‘टाका ग्राहक मंचात (म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात) केस.’ बोलण्यात दोन्ही एकत्र आलं तर बिघडत नाही. पण लोक अर्जही तसाच लिहितात: नोंदणी रद्द करा आणि वीस लाख भरपाई द्या. असा अर्ज कुठेही नेला तरी निम्मा वायाच जातो.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल १९६५ च्या कायद्याने चालते. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंदवही तिच्या ताब्यात असते. डॉक्टर २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे वागला का, त्याला प्रॅक्टिस करू द्यावी का, एवढंच ती बघते. ताकीद देते, ठरावीक काळ निलंबित करते, फार झालं तर नोंदवहीतून नाव काढते. पदवी विद्यापीठाची, तिला कौन्सिल हात लावत नाही. आणि तुम्हाला एक रुपयाही मिळवून देत नाही.

ग्राहक आयोगाचं नेमकं उलटं. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता खटल्यात निकाल दिला आणि पैसे मोजून घेतलेले उपचार ‘सेवा’ ठरले. सेवेत कसूर झाली का, नुकसान किती झालं, हा आयोगाचा हिशोब. भरपाईचा आदेश झाला तरी दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरची ओपीडी सुरूच राहते.

समजा, जिंतूरच्या डॉक्टरने पेशंटला परभणीच्या एका ठरावीक सेंटरवर स्कॅनला पाठवलं. चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक खूण, म्हणजे कोणाचा पेशंट ते काउंटरवर कळावं. स्कॅन नीट झाला, रिपोर्ट बरोबर आला. नुकसानच दाखवता येत नसेल तर भरपाई कशाची मागणार? पण पेशंट पाठवल्याचं कमिशन घेणं आचारसंहितेत गैरवर्तन आहे. पुरावा हातात असेल तर हे प्रकरण कौन्सिलचं. ‘कट’ची, म्हणजे या कमिशनची चर्चा चहाच्या टपरीवर रोज होते, लेखी तक्रार मात्र क्वचितच कोणी करतो.

ज्या सरकारी रुग्णालयात सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथे ग्राहक आयोगाचं दार बंद. केसपेपरचे किरकोळ पैसे भरले म्हणून आपण ग्राहक ठरत नाही. मात्र जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट तपासतात, तिथला फुकटवालाही ग्राहकच, असं त्याच निकालात म्हटलंय. कौन्सिलला असा फरक नाही, डॉक्टर सरकारी असो की खासगी.

अंतराचंही बघा. कौन्सिल मुंबईत, म्हणजे मराठवाड्यातून देवगिरी एक्स्प्रेसने रात्र काढायची. ग्राहक आयोग जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑपरेशन पुण्यात झालं असलं तरी हिंगोलीत केस चालू शकते. अपिलासाठी राज्य आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. कौन्सिलच्या निर्णयावर दिल्लीला अपील करता येतं, पण २०१९ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्यात तो हक्क डॉक्टरला दिलाय, रुग्णाचा उल्लेखच नाही. मला हे एकतर्फी वाटतं.

लोक फसतात ते मुदतीत. ‘आधी कौन्सिलचा निकाल येऊ द्या, मग ग्राहकमध्ये जाऊ’ असा सल्ला सर्रास मिळतो. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि कौन्सिलकडे अर्ज पडून आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी जायला आडकाठी नाही.

अर्ज लिहिण्याआधी चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक बघा. खेड्यातला डॉक्टर बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. आयुर्वेद-युनानीची कौन्सिल वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, दातांच्या डॉक्टरांची आणखी वेगळी. क्रमांकच नसेल तर बोगस असण्याची शंका घ्या. ज्याचं नाव कोणत्याच नोंदवहीत नाही, त्याचं कौन्सिल काय काढणार? तिथे तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस. नोंदणी गेलेल्याच्या बाबतीतही तसंच. परळीच्या गर्भलिंगनिदान प्रकरणात बीडच्या न्यायालयाने २०१९ मध्ये डॉक्टर दांपत्याला १० वर्षांची शिक्षा दिली. जामिनावर सुटलेला त्यातला डॉक्टर २०२० मध्ये परळीतच पुन्हा रुग्ण तपासताना सापडला, तेव्हा धाड टाकावी लागली आणि नवा गुन्हा पोलिसांत नोंदवला गेला.

कागद दोन्हीकडे तेच लागतात: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, नर्सचा चार्ट, बिलं. बिलं बहुतेकांच्या पिशवीत असतात, आतले कागद नसतात. ते लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या. आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत कागद द्यावे लागतात. नाही दिले, तर उपचार बरोबर होते की चूक हा वाद बाजूला ठेवूनही तेवढ्यावर कौन्सिलकडे तक्रार करता येते.